भरलेला काठा

भनपुरीतल्या आमच्या घरी देवघराखालच्या फळीवर एक लाकडी काठा ठेवलेला आहे. काठा म्हणजे छत्तीसगडचं धान मोजायचं माप, आपल्या पायलीचं भावंड. वापरून वापरून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, आणि तळाशी एक बारीक चीर गेली आहे, ती लाखेने भरलेली आहे. हा काठा आमचा नाही. माझ्या मितानच्या घरून तो आमच्याकडे येतो, आमच्याकडून त्यांच्याकडे जातो. चाळीस वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे.

मितानचं नाव मी इथे लिहिणार नाही. छत्तीसगडात मितान बदणं झालं, म्हणजे विधीपूर्वक मैत्री बांधली, की एकमेकांना नावाने हाक मारायची नसते. मी त्याला 'मितान' म्हणतो, तो मला 'मितान' म्हणतो. त्याची आई माझी फूलदाई, वडील माझे फूलददा. आमच्या लग्नांत, बारशांत, मरणांत हेच शब्द होते. आज त्याचं खरं नाव कुणी हाक मारून उच्चारलं, तर ते दुसऱ्याच कुणाचं आहे असं मला वाटतं.

भनपुरी रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आता तो शहराचाच भाग झाला. माझ्या लहानपणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे टाल, आरा मशिनी, पुढे बीरगाव आणि उरल्याकडे उभे राहू लागलेले कारखाने, आणि वाटेत बंजारी मातेचं देऊळ. सकाळी उठलं की ओल्या भुशाचा वास यायचा. बाबा एका टालवर मुनीम होते. आमचं मूळ घर अमरावती जिल्ह्यातलं. 1956 पर्यंत रायपूर आणि अमरावती एकाच राज्यात होती, राजधानी नागपूर होती. त्यामुळे आजोबांच्या पिढीला इकडे येणं म्हणजे परमुलखात जाणं वाटलं नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, बुढापाऱ्यात मराठी घरं होती, महाराष्ट्र मंडळ होतं, गणपतीत आम्ही तिकडे जायचो. पण रोजचं आयुष्य भनपुरीत होतं, आणि भनपुरीत आमचं एकच मराठी घर होतं.

मितानचं कुटुंब साधारण 1977-78 च्या सुमारास भनपुरीत आलं. फूलददा टालवर ओंडके उतरवायच्या कामाला लागले. धमतरीच्या वर महानदीवर गंगरेलचं धरण होत होतं. 1972 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 1978 पर्यंत ते उभं राहिलं. त्या जलाशयाला नाव दिलं रविशंकर सागर, पंडित रविशंकर शुक्लांचं. त्या पाण्याखाली 52 गावं गेली असं तिकडची माणसं सांगतात. फूलददांचं गाव त्यातलं एक. मिळालेल्या पैशांत दुसरीकडे जमीन झाली नाही. भाऊबंद पाण्याच्या काठावर वर सरकून राहिले, आणि फूलददा बायको, दोन मुलं, चार भांडी आणि हा काठा घेऊन भनपुरीला आले. मोजायला धान नव्हतं, तरी काठा आणला होता.

आम्ही दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर बसायचो. त्याला हिंदी अडखळत यायची, मलाही. एका रथयात्रेच्या दिवशी दोन्ही घरच्यांनी ठरवून आम्हाला मितान बदवलं. फूलदाईने अंगणात तांदळाच्या पिठाने चौक काढला, दोन पाट मांडले. आम्ही समोरासमोर बसलो, एकमेकांना टिळा लावला, नारळाची अदलाबदल केली. आईने त्याला माझ्याच कापडातला सदरा शिवला होता, फूलदाईने मला गमछा दिला. जात कुणी विचारली नाही. मितानकी जातीपलीकडची असते, हेच तिचं बळ आहे. छत्तीसगडात या नात्याला कितीतरी नावं आहेत: भोजली, महापरसाद, गजामूंग, गंगाजल. मुली श्रावणात टोपलीत गहू पेरतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी ते कोंब तळ्यावर नेतात आणि एकमेकींच्या कानामागे खोचून जन्माच्या मैत्रिणी होतात. 1900 मध्ये पेंड्राहून माधवराव सप्रे यांनी मासिक सुरू केलं, त्याचं नाव 'छत्तीसगढ मित्र'. मातृभाषा मराठी, काम हिंदीत. पुढे दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेलं. ज्या मातीत मैत्री हा संस्कार आहे, तिथे मासिकाला हे नाव सुचणं मला फार स्वाभाविक वाटतं.

आम्ही मितान झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात फूलददा आम्हा दोघांना गंगरेलला घेऊन गेले. तो प्रवास मला अजून जसाच्या तसा आठवतो. रायपूरहून धमतरीला छोटी गाडी जायची, अडीच फुटी रुळांवरची. तीही 1900 सालचीच. तेलीबांधा, माना, केंद्री, अभनपूर, कुरूद असं करत ती रमतगमत निघायची. डब्यात भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, शाळेची मुलं. अभनपूरला राजिमकडे फुटलेली लाईन दिसायची. आता ती गाडी नाही. रायपुरातल्या तिच्या जुन्या मार्गावर रुंद रस्ता झाला आहे, आणि त्या रस्त्यावरून जाताना माझे कान अजूनही शिट्टी शोधतात.

धमतरीहून गंगरेल पंधरा किलोमीटरच्या आत आहे. बसमधून उतरलो आणि बांधावर चढलो. समोर पाणी. मी तोवर फक्त तळी पाहिली होती: बुढातालाब, तेलीबांधा, भनपुरीच्या मागचं कमळांनी भरलेलं तळं. तळ्याला पलीकडचा काठ असतो. इथे निळ्या टेकड्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आणि त्यांच्यामागेही पाणीच होतं. मितान आणि मी ओरडत सुटलो. फूलददा बांधावर उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं, हात लांब केला आणि पाण्यातल्या एका जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "इही मेर." इथेच. एवढंच. तिथे काहीही नव्हतं, ऊन होतं फक्त. पण त्या बोटाची रेघ इतकी नेमकी होती, की मला तिथे अंगण, चूल आणि दार दिसू लागलं.

काठावर त्यांच्या धाकट्या भावाची झोपडी होती आणि एका खोडातून कोरलेला डोंगा होता. पुढची सहा-सात वर्षं प्रत्येक सुट्टीत आम्ही तिथे गेलो. पोहायला मी तिथे शिकलो, पाठीला सुका भोपळा बांधून, अगदी आमच्या आजोबांच्या गावी विहिरीवर मुलं शिकायची तसं. पाण्यात उतरण्याआधी फूलददा बोटं बुडवून कपाळाला लावायला सांगायचे. खोल पाण्यात दंगा केलेला त्यांना चालत नसे. "कुणाच्या तरी छपरावरून जातो आहोत," म्हणायचे, "जरा हळू."

पहाटे डोंग्यातून जाळी काढायला जायचो. रोहू मिळाला तर तो बाजाराला, टेंगना मिळाला तर घराला. दुपारी सालाच्या सावलीत बोरे-बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा, मीठ, हिरवी मिरची. चैत्रात मोहाची फुलं वेचायची. ती रात्री पडतात, उजाडायच्या आत जावं लागतं, नाहीतर गुरं खाऊन टाकतात. वैशाखात तेंदूची पानं. या सगळ्याला आम्ही कधी सहल म्हटलं नाही. काम होतं ते, आणि कामाच्या कडेकडेने जे पाहायचं ते पाहून होत होतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी गंगरेलला अंगारमोती मातेची मडई भरते. ही देवी मूळची चंवर गावची. गाव बुडालं तेव्हा तिला काठावर आणून बसवलं. मडईला आसपासच्या गावांचे देव येतात, डांग, म्हणजे देवाची उंच काठी, घेऊन, बाजा वाजवत. बुडालेल्या गावांची माणसं कुठून कुठून येतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं ही जत्रा आहे: पाळणा, जिलेबी, बांगड्या. मग पाहिलं तर फूलदाई एका बाईच्या गळ्यात पडून रडत होती. दोघींची घरं एका भिंतीची होती. एक भनपुरीला गेली, दुसरी कांकेरकडे. वर्षातून एकदा त्यांचं गाव त्या दिवशी काठावर भरत होतं, संध्याकाळपर्यंत.

एकदा मितानच्या काकांनी आम्हाला सायकलवर माडमसिल्लीला नेलं. सिल्लारी नदीवरचं हे धरण 1914 ते 1923 या काळात बांधलं गेलं. जादा पाणी सोडायला त्याला उचलायचे दरवाजे नाहीत. भिंतीत 34 सायफन आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की वाकड्या नळीतली हवा ओढली जाते आणि पाणी आपोआप पलीकडे पडू लागतं. पातळी उतरली, नळीत हवा शिरली, की थांबतं. टालवर डिझेलच्या पिंपातून नळीने तेल काढताना मी हेच पाहिलं होतं, पण अख्खं धरण तसं चालतं हे पटायला वेळ लागला. पावसाळ्यात ते सायफन सुरू होतात तेव्हाचा आवाज पोटात जाणवतो. काका म्हणाले, "याला काही सांगावं लागत नाही. जास्त झालं की देऊन टाकतं."

त्यांचं हे वाक्य मला त्याच वर्षीच्या पौषात कळलं.

टालवर एक ओंडका घसरला आणि बाबांच्या पायावर आला. दीड-दोन महिने ते खाटेवर होते. मुनीम कामावर नाही म्हणजे पगार नाही. आईने आधी दुकानाची उधारी केली, मग ती थांबवली, कारण तिला उधारीची भीती वाटायची. भाताच्या जागी पेज आली. आम्ही कुणाला सांगितलं नाही. वऱ्हाडातून आलेल्या घराचा मान आईने अगदी घट्ट धरून ठेवला होता.

पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा असतो. धान घरात आलेलं असतं. त्या दिवशी लहान मुलं आणि मोठी माणसंही पिशव्या, टोपल्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. ज्याच्या घरी पोतीच्या पोती आहेत त्याचाही मुलगा मागतो, आणि ज्याच्याकडे काही नाही तोही ओंजळभर देतो. सकाळीच मितान आमच्या दारात आला, दोन पिशव्या घेऊन. आई म्हणाली, आपल्यात मागायला जात नाहीत. तो म्हणाला, "आज सब मांगथें, दाई." आज सगळेच मागतात. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि मला सोडलं.

भनपुरीपासून रावाभाठा, बीरगाव, आणि मागच्या वस्त्या. दुपार होईपर्यंत पाय भरून आले. घरोघर सुपातून ओंजळी पिशवीत पडत होत्या. परत येताना आमच्या दाराशी त्याने आपली पिशवी माझ्या पिशवीत रिकामी केली. मी म्हटलं, तुझ्या घरी? तो म्हणाला, ददा गेले आहेत ना मागायला. संध्याकाळी फूलदाई आली. तिच्या हातात हा काठा होता, शिगोशीग भरलेला. तिने तो आमच्या कोपऱ्यात ओतला, पुन्हा घरी जाऊन भरून आणला, पुन्हा ओतला. आईने काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हालरवर धान सडून आणलं आणि त्या रात्री आम्ही पोटभर भात जेवलो.

फूलददा त्या दिवशी सगळ्यात लांब, उरल्यापर्यंत चालत गेले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ज्या माणसाच्या घरी एकेकाळी या काठ्याने धान मोजून दिलं जायचं, तो आमच्यासाठी दारोदार उभा राहिला होता. आमची मान खाली जाऊ नये म्हणून त्यांनी वर्षातला तो एकच दिवस निवडला होता, ज्या दिवशी मागण्यात लाज नसते.

बाबा कामावर गेले, पगार आला. आईने काठा घासूनपुसून त्यात तांदूळ भरले आणि परत द्यायला गेली. रिकामं भांडं परत देऊ नये, हे आईला तिच्या आईने शिकवलं होतं. दोन दिवसांनी फूलदाई तोच काठा घेऊन आमच्या दारात. त्यात कमळाचे ढेंस, म्हणजे देठ, होते, तळ्यातून काढलेले, सोललेले. म्हणाली, "खाली नइ लहुटावन." रिकामा परत करत नाही आम्ही. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. बोली वेगळ्या होत्या, पण या बाबतीत दोघींच्या आयांनी शिकवलेलं एकच निघालं. मग आईने त्यात पुरणपोळ्या दिल्या. तिकडून ठेठरी-खुरमी आली. तेव्हापासून तो काठा थांबलेला नाही.

भनपुरीत आम्ही वर्षानुवर्षं हातपंपाचं आणि बोअरिंगचं पाणी प्यायलो. नळ उशिरा आला. नळ आल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात बातमी वाचली, की रायपूरसाठी गंगरेलचं पाणी सोडलं आहे. मी ते नीट समजून घेतलं. गंगरेलमधून पाणी खाली रुद्रीला येतं. तिथल्या बंधाऱ्यातून महानदीचा कालवा निघतो. उन्हाळ्यात खारून नदी आटू लागली की कालव्याने ते पाणी खारूनमध्ये आणतात, तिथून ते शुद्धीकरण केंद्रात जातं आणि मग शहराच्या नळांना. भिलाईच्या पोलाद कारखान्यालाही गंगरेलच पाणी देतं, रायपूर-धमतरीची शेतं त्यावरच उभी आहेत. हे सगळं शाळेच्या पुस्तकात होतं. पण आमच्या मोरीतल्या नळातून जे पडत होतं ते फूलददांच्या अंगणावरून आलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी धावत जाऊन फूलदाईला सांगितलं. ती भांडी घासत होती. ऐकून घेतलं, नळाखाली लोटा धरला, भरला, आणि बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, "त हमर गांव के पानी आय." तर आमच्याच गावचं पाणी आहे हे. तिने त्यातलं थोडं तुळशीला घातलं, उरलेलं प्यायली. त्यानंतर त्या घरी पाहुणा आला, की पाणी देताना ती सांगायची: हे आमच्या गावचं आहे. लोकांना वाटायचं म्हातारी काहीतरी बोलते. मी जवळ असलो तर समजावून सांगायचो.

मराठी माणूस या मुलखात आला तो 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात राहिले, 1854 पर्यंत भोसल्यांचा अंमल राहिला. ती घेण्याची गोष्ट होती. पण धमतरीतच नारायणराव मेघावाले यांच्यासारखा माणूस 1920 च्या कंडेल सत्याग्रहात, कालव्याचं पाणी चोरल्याचा आळ घेऊन लादलेल्या दंडाविरुद्ध, शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. पंडित सुंदरलाल शर्मा आणि बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांच्याबरोबर त्यांचं नाव घेतलं जातं. जप्त केलेली गुरं बाजारोबाजार लिलावाला काढली गेली आणि बोली बोलायला एकही माणूस पुढे आला नाही. त्या न बोललेल्या बोलीला मी फार मोठी मानतो. इथल्या माणसांचं देणं असंच असतं, त्यात आवाज नसतो.

फूलददा गेले तेव्हा मितानबरोबर मीही केस दिले. अस्थी राजिमच्या संगमावर सोडल्या. त्यांच्या सांगण्यावरून चिमूटभर रक्षा गंगरेलला नेली. काकांच्या मुलाने डोंगा काढला. कुठे थांबायचं हे मितानला ठाऊक नव्हतं, गाव सोडलं तेव्हा तो फारच लहान होता. मी बांधाकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं, ती बोटाची रेघ आठवली, आणि म्हटलं, "इही मेर."

आता गंगरेलला पुष्कळ लोक येतात, आणि त्यांनी यावं. पुण्याहून माझी मुलगी नातवंडांना घेऊन आली की आम्ही दोन्ही घरं मिळून जातो. काठावर राहायला लाकडी कॉटेज आहेत, वाळूचा काठ केला आहे, मोटरबोट आहे, पाण्यावर सुसाट जाणाऱ्या गाड्या आहेत. मानव वनात मुलं खेळतात. पावसाळ्याच्या शेवटी धरणाचे 14 दरवाजे उघडले तर ते पाहायला रायपूरहून रांगा लागतात. येणाऱ्याला मी सांगतो: सकाळी लवकर या, पाणी तेव्हा शांत असतं. जीवरक्षक जाकीट न घालता बोटीत बसू नका, हे पाणी दिसतं त्याहून खोल आहे. परतताना रुद्रीला रुद्रेश्वराच्या देवळाशी थांबा आणि कालवा सुरू होतो ती जागा पाहा. वेळ असेल तर माडमसिल्लीपर्यंत जा. आणि बोट चालवणाऱ्याला त्याचं गाव विचारा. तो बहुधा काठाकडे बोट दाखवणार नाही, पाण्याकडे दाखवेल.

मागच्या खेपेला नातू बोटीत उभा राहून ओरडत होता. मितानने त्याला मांडीवर घेतलं, त्याची बोटं पाण्यात बुडवली आणि कपाळाला लावली. नातवाने विचारलं, असं का? मितान म्हणाला, खाली घर आहे आपलं. 'आपलं' म्हणाला. नातवाने मान वाकवून बराच वेळ पाण्यात पाहिलं आणि मग हळू आवाजात बोलू लागला.

फूलदाई नाही, आई नाही. काठा मात्र चालू आहे. गेल्या छेरछेऱ्याला तो आमच्याकडे होता. सकाळी दारात मुलांची रांग लागली, त्यात मितानचा नातूही पिशवी उघडून उभा. मी प्रत्येकाला ओंजळ दिली, त्याला काठाभर धान ओतलं. तो पिशवी मिटेना. मी विचारलं, आणखी? तो म्हणाला, "काठा घलो मंगाय हे बबा हर." आजोबांनी काठाही मागितलाय.

मी आत गेलो. डब्यात मुलीने पुण्याहून आणलेल्या बाकरवड्या होत्या. त्या काठ्यात भरल्या, वर कापड बांधलं आणि त्याच्या हातात दिला. चार दिवसांनी काठा परत आला. त्यात नव्या दुबराज तांदळाचा वास होता.